शाळेची बाके कुणाच्या मालकीची?

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. क्लीव्हलँड आणि ॲक्रन या शहरांतल्या दहा शाळांना त्या चालवणाऱ्या ‘व्हाइट हॅट मॅनेजमेंट’ या कंपनीशी संबंध तोडायचे होते. शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशातला सुमारे ९५ टक्के वाटा कंपनीकडे जात होता. त्याच पैशातून कंपनीने बाके घेतली, संगणक घेतले आणि ते आपल्या नावावर लावले. शाळांचे म्हणणे सरळ होते: पैसा जनतेचा, म्हणून वस्तू शाळेच्या. न्यायालयाने करार वाचला आणि सांगितले की करारानुसार वस्तू कंपनीच्या आहेत. शाळांना हव्या असतील तर त्यांनी त्या कंपनीकडून विकत घ्याव्यात.

जनतेने कर भरून एकदा घेतलेली बाके मुलांना बसण्यासाठी पुन्हा विकत घ्यायची! खासगीकरणावरची दहा भाषणे जे सांगत नाहीत ते हा एक निकाल सांगतो. ‘अमेरिकेत बघा, सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन, कसे छान चालते’ असे आपल्याकडे ज्यांना सारखे ऐकावे लागते, त्या तरुण कार्यकर्त्यांनी ओहायोचा इतिहास मुळातून समजून घ्यावा, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण सरकारी शाळा मंडळाच्या बहुतेक नियमांतून मोकळी असलेली शाळा. गंमत म्हणजे १९८८ मध्ये ही कल्पना देशभर नेणारा माणूस भांडवलदार नव्हता. अल्बर्ट शँकर हे शिक्षकांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. शिक्षकांनी स्वतः छोट्या शाळा काढाव्यात, नवे प्रयोग करावेत, असे त्यांच्या मनात होते. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला. सौदा असा होता: स्वातंत्र्य घ्या, त्या बदल्यात निकाल दाखवा, नाही दाखवलात तर शाळा बंद. पुढे कंपन्या या क्षेत्रात शिरल्या तेव्हा शँकरच या कल्पनेचे टीकाकार झाले.

पण कृष्णवर्णीय समाजाच्या आठवणीत ‘सरकारी पैसा, खासगी शाळा’ ही जोडी त्याआधीपासून होती. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने आपल्या शाळेतल्या साडेचारशेहून अधिक विद्यार्थ्यांचा संप घडवला. कारण काळ्या मुलांची शाळा डांबरी कागदाच्या झोपड्यांत भरत होती. तो खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी काय करावे? १९५९ मध्ये त्यांनी काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उभी राहिली, तिला सरकारी शिष्यवृत्त्यांचा आणि करसवलतींचा टेकू मिळाला. सुमारे १७०० मुले, बहुतेक कृष्णवर्णीय, पाच वर्षे शाळेविना राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या, पण ती पाच वर्षे त्या मुलांना कुणी परत दिली नाहीत.

मग तोच समाज चार्टर शाळांकडे का वळला? कारण शहरातली सरकारी शाळाही त्याला न्याय देत नव्हती. गोरे लोक उपनगरांत निघून गेले आणि घरपट्टीवर पोसल्या जाणाऱ्या शहरी शाळा कंगाल झाल्या. आपल्या मुलासाठी दुसरा दरवाजा शोधणाऱ्या आईला ‘तू खासगीकरणाची हस्तक’ म्हणणे हा पोटभरल्या लोकांचा उद्योग आहे. आपल्याकडेही जिल्हा परिषदेची शाळा सोडून कर्ज काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालणारा बाप काही चळवळीचा शत्रू नसतो. प्रश्न आईबापांचा नाहीच. त्यांच्या निकडीवर दुकान कुणी थाटले, हा प्रश्न आहे.

ओहायोत ही दुकाने १९९७ च्या कायद्याने उघडली. तिथे चार्टर शाळांना ‘कम्युनिटी स्कूल’, म्हणजे समाजाच्या शाळा, असे नाव दिले गेले. नावे ठेवण्यात व्यवस्था नेहमीच हुशार असते. प्रत्येक शाळेवर देखरेखीसाठी एक प्रायोजक संस्था असे आणि देखरेखीची फी ती संस्था त्याच शाळेकडून घेई. ज्याच्यावर पहारा, त्याच्याकडूनच पगार! २००६ मध्ये राज्याने कडक कायदा केला: ठरावीक वर्षे नापास ठरलेली शाळा आपोआप बंद. या कायद्याने वीसहून अधिक शाळा बंद झाल्या, ओहायोचे कौतुकही झाले. पण बंद होऊ घातलेल्या शाळा प्रायोजक बदलत, काही तर नाव बदलून त्याच इमारतीत पुन्हा उघडत. पाटी बदलली, मुले तीच, पैसा तोच.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र अशा शाळेत झाला जिला इमारतीची गरजच नव्हती. ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’, लोकांच्या तोंडी ‘इकॉट’, ही ऑनलाइन शाळा २००० साली विल्यम लॅगर यांनी सुरू केली. शाळेचे व्यवस्थापन लॅगर यांच्याच एका कंपनीकडे होते, शिकवण्याचे सॉफ्टवेअर त्यांच्याच दुसऱ्या कंपनीचे. त्यांनी राजकारण्यांना, त्यातही सत्ताधारी रिपब्लिकनांना, भरघोस देणग्या दिल्या. चार वर्षांत शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली होते, तरी पदवीदानाला खुद्द गव्हर्नर येऊन भाषण करून गेले. या शाळेत गोरी मुलेही मोठ्या संख्येने होती, हे मुद्दाम नोंदवतो. लूट करणारा गरिबाचा रंग पाहत बसत नाही, जिथे कुणी जाब विचारणार नाही तिथे तो जातो.

२०१५ च्या उन्हाळ्यात या प्रकरणाला तोंड फुटले. राज्याच्या शिक्षण खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रायोजक संस्थांना गुण देताना ऑनलाइन शाळांचे ‘नापास’ शेरे हिशेबातून वगळले होते. त्याला राजीनामा द्यावा लागला. त्या संतापाच्या लाटेवर ‘हाउस बिल २’ मंजूर झाले आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरने त्यावर सही केली. कायद्याने प्रायोजकांना गुणांकन लावले, निकृष्ट प्रायोजकाचा अधिकार काढण्याची तरतूद केली, नापास शाळेला प्रायोजक बदलून पळ काढणे अवघड केले. आणि पुढच्या करारांसाठी हेही लिहिले की सरकारी पैशातून शाळेसाठी घेतलेले सामान शाळेचे असेल. बाकांचा निकाल सप्टेंबरचा, कायदा नोव्हेंबरचा. न्यायालयाने करारावर बोट ठेवले, तर करार कसा असावा हे विधिमंडळाने बदलले. जाब विचारणारा कायदा असा लिहायचा असतो.

पण इकॉटला पाडले ते गुणांकनाने नाही, हजेरीने. खात्याने २०१६ मध्ये एकच साधी गोष्ट मागितली: मूल प्रत्यक्ष किती वेळ शिकले त्याची नोंद दाखवा. शाळा १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे पैसे घेत होती, खात्याला पुरावा सापडला तो सुमारे ६३०० विद्यार्थ्यांएवढाच. एका वर्षाचे ६ कोटी डॉलर परत मागितले गेले. शाळेचा युक्तिवाद काय होता? आम्ही शिकण्याची संधी देतो. मूल शिकले की नाही याच्याशी पैशाचा संबंध नाही! २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. तोवर शाळा कोसळली होती. जानेवारी २०१८ मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. २०२२ च्या शेवटच्या लेखापरीक्षणात वसुलीचा आकडा ११ कोटी ७० लाख डॉलरवर गेला.

इथे आमचे म्हणणे आहे. ‘नापास शाळा बंद करा’ एवढाच कायदा असेल तर शिक्षा मुलाला होते. शाळा बंद पडली की मुलाचे वर्ष जाते, कंपनीची कमाई मात्र आधीच खिशात गेलेली असते. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने हे नेमके ओळखले होते. २०१६ मध्ये तिने चार्टर शाळा मोडून काढा असे म्हटले नाही, नव्या शाळांना स्थगिती मागितली. अटी होत्या: सरकारी शाळांइतकाच हिशेब आणि पारदर्शकता, सरकारी शाळांचा पैसा वळवणे बंद, सरकारी शाळेने ज्यांना शिकवणे बंधनकारक आहे त्या मुलांना हाकलणे बंद, आणि हुशार मुले वेगळी काढणे बंद. यावरून त्यांच्याच समाजातले चार्टर समर्थक त्यांच्यावर तुटून पडले. तो वाद आजही मिटलेला नाही.

पैसा जिथे जातो तिथे अट घाला, ही मागणी आपल्याला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता: महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. १९२३ मध्ये मुंबई सरकारने ठराव केला की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळेला अनुदान मिळणार नाही. ठराव चांगला होता, पण कागदावरचा ठराव आणि वर्गातली जागा यांत किती अंतर असते, हे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनातल्या आकड्यांतून दिसते. ते आजही कार्यकर्त्यांनी वाचावे.

आज महाराष्ट्रात चार्टर शाळा नाहीत. २०२३ मध्ये आलेली ‘दत्तक शाळा योजना’ वेगळी आहे. तिथे कंपनी सरकारकडून पैसे घेत नाही, पाच किंवा दहा वर्षांसाठी वस्तू आणि सेवा देते आणि शाळेच्या नावाला स्वतःचे नाव जोडू शकते. दोन्ही एकच, असे आम्ही म्हणणार नाही. पण करार कुणी वाचला, मुदत संपल्यावर वस्तू कुणाच्या, हे विचारायची जागा आपल्याकडे कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वस्तीतल्या शाळेची समिती शेवटची कधी बसली होती आणि इतिवृत्तावर सह्या कुणाच्या आहेत, हे येत्या आठवड्यात जाऊन बघा. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही. तिथे पालकाच्या हातात फक्त फीची पावती असते.