तारांच्या चाकाचे वंगण

मन्नाएखेळ्ळी हे गाव गोव्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. सोलापूरहून हैदराबादला जाताना हुमनाबाद मागे पडले की थोड्या वेळाने हा तिठा लागतो. बिदरची वाट इथून फुटते. चहाची दुकाने, पंक्चरवाले, ऊस आणि तुरीची शेते. कानावर कन्नड, दख्खनी उर्दू, मराठी आणि मधूनच तेलुगू. वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर मी इथे जवळजवळ अख्खा दिवस अडकून पडलो होतो. निमित्त झाले एका चाकाचे.

मित्राची गाडी एम.जी.ए. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात बनत असलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. त्याच्या वडिलांनी ती मुक्तीच्या थोडी आधी घेतली होती. भारतात तेव्हा साध्या फियाटसाठी नंबर लावून बसावे लागे, आणि इकडे पोर्तुगीज अमदानीत खाणींचा पैसा खुळखुळत असल्यामुळे मुरगाव बंदरात परदेशी गाड्या उतरत होत्या. या गाडीची सगळी शोभा तिच्या चाकांत. प्रत्येक चाकाला ४८ तारा, आणि मधोमध दोन कानांचा चकचकीत नट. मित्र दर रविवारी त्या तारा एकेक करून पुसायचा. वडिलांची आठवण म्हणून गाडीवर जीव, म्हणून तारांवरही.

हैदराबादला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी आम्ही निघालो होतो. बेळगाव, विजापूर करत गुलबर्ग्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी हुमनाबादच्या पुढे ब्रेक दाबला की मागून 'टक्' असा आवाज येऊ लागला. गाडी पुन्हा पुढे घेतली की परत 'टक्'. तिठ्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या शेडखाली गाडी लावली. त्यांनी उजवे मागचे चाक जॅकवर उचलले, मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि दोन्ही हातांनी चाक हलवले. ब्रेक लागलेला असूनही चाक बोटभर मागेपुढे झाले. मिस्त्रींनी विचारले, "मालक, हे चाक शेवटचं कधी उतरवलं होतं?" मित्र म्हणाला, पंक्चर झालं नाही, मग कशाला उतरवायचं? अकरा वर्षे झाली असतील.

इथे थोडे थांबून या चाकाचे कूळ सांगायला हवे, नाहीतर मिस्त्रींचा प्रश्न कळणार नाही.

बैलगाडीच्या चाकाचे आरे भार दाबून घेतात. तुंब्यावरचे वजन खालच्या आऱ्यातून जमिनीवर उतरते, म्हणून आरा जाड लागतो. तारेचे तसे नाही. तार दाबाखाली वाकते, पण ओढ मात्र पुष्कळ सोसते. म्हणून तारांच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. भार आला की खालच्या तारांचा ताण कमी होतो इतकेच, तार दबत नाही. ही कल्पना इंग्लंडात जॉर्ज केलीने १८०८ मध्ये कागदावर मांडली होती. ती रस्त्यावर आणली सायकलवाल्यांनी. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ मध्ये ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले, आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तारा तिरप्या लावल्या. तिरप्या तारांमुळे पायडलचा जोर तुंब्यापासून धावेपर्यंत नीट पोचू लागला.

आपल्याकडे हे चाक सायकलीबरोबरच आले. आम्ही ज्या बेळगावातून गेलो तिथला किर्लोस्कर रोड गोवेकरांना खरेदीसाठी चांगला परिचयाचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना सायकलीच्या नादी लागले, आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा सायकली विकू लागले. सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये, आणि चालवायला शिकवण्याची फी १५ रुपये! लोखंडी नांगर त्यानंतरचे. एका मोठ्या मराठी उद्योगाची सुरुवात तारांच्या चाकापासून झाली, हे नांगराच्या कौतुकात आपण विसरतो.

मोटारींना हे चाक लाभले तेही सायकलवाल्यांकडूनच. सुरुवातीच्या मोटारींचे चाक कायमचे बसवलेले असे, पंक्चर झाले तर रस्त्यातच टायर सोलून काढायचा. १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून अडकवायची, आरे नसलेली जादा धाव काढली. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. ती वस्तू केव्हाच गेली, शब्द आपल्या ट्रकवाल्यांनी सांभाळला. स्टेपनीला मागे सारले ते कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीच्या सुट्या चाकाने. जॉन प्यूची ही रचना. मधला एकच नट काढायचा, चाक ओढून काढायचे, दुसरे सरकवायचे. काम इतके झटपट होई की १९०८ च्या फ्रेंच ग्रांप्रीत ही चाके लावलेल्या नेपियर गाड्यांना मज्जाव झाला.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे. या चाकाच्या तुंब्यात आतून दाते असतात आणि गाडीच्या हबवर बाहेरून तसेच दाते. दाते दात्यांत बसतात, आणि इंजिनाचा जोर व ब्रेकचा जोर दोन्ही त्यांच्यातून जातात. चाक फिरते ते आतल्या बेअरिंगवर, त्याचे ग्रीस वेगळे. दात्यांचा सांधा फिरत नाही, म्हणून त्याला वंगण कशाला, असे कुणालाही वाटेल. बैलगाडीत वंगण फिरण्यासाठी. इथे जे फिरत नाही त्यासाठी. प्रत्येक ब्रेकला दाते एकमेकांवर केसभर घासतात. कोरडे असले की घासून तांबूस भुकटी होते, आणि ती भुकटी पुन्हा दाते खाते.

उजवे चाक उतरले तेव्हा ती भुकटी आम्ही बोटावर घेऊन पाहिली. हबचे दाते करवतीसारखे टोकदार झाले होते. मिस्त्री म्हणाले, आणखी थोडे झिजले असते तर इंजिन फिरले असते, चाक नाही. आणि ब्रेक दाबला असता तर हब थांबला असता, चाक नाही. कारण ब्रेकचा ड्रम हबला असतो, चाकाला नव्हे. मित्राचा चेहरा उतरला. डावे चाक तर निघेचना. तिथे गंजाने दाते जणू सांधले गेले होते. रॉकेल सोडून, लाकडाचा ठोकळा आडवा धरून ठोकत बसलो. एकच दुखणे, एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरे काय होणार?

कुणीतरी डब्यातून इंजिन ऑइल आणले. मिस्त्री त्याच्यावर ओरडले, "तेल नक्को, ग्रीस होना!" तेल फिरत्या चाकातून उडून ड्रमवर जाते. आधी रॉकेलने आणि पितळी ब्रशने दाते लख्ख करायचे, कोरडे पुसायचे, मग ग्रीसचा पातळ थर द्यायचा. दात्यांना, नटाच्या आट्यांना आणि नट जिथे टेकतो त्या उतरत्या कडेला. लोंदे थापायचे नाहीत. नट तांब्याच्या हातोडीने ठोकायचा, पोलादी हातोडीने कान फुटतात. चाळीसेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा ठोकून पाहायचा. तारांवर लोखंडी पान्याने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर ढिली. आवळताना तिचे टोक आत आले तर कानशीने घासायचे, नाहीतर तेच ट्यूबला भोक पाडते.

आटे मी नीट पाहिले. डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमीसारखे, उजव्या बाजूचे उलटे. त्यामुळे धावत्या गाडीत नट आपोआप आवळत जातो. हब जोडताना बाजू बदलल्या तर मात्र तोच नट चालता चालता सुटतो. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे का, हे ज्याला लहानपणी कळले त्याला हे वेगळे सांगायला नको. दोन कानांचे नट पुढे पादचाऱ्यांना धोकादायक ठरले आणि अमेरिकेने १९६८ पासून त्यांवर बंदी आणली. मग आठ कोनी नट आले.

काम चालू असताना मी रस्त्याकडे पाहत बसलो होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचे सैन्य नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत याच रस्त्याने जहिराबादकडे गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात सैन्य आले तेव्हा दक्षिण विभागाचे सरसेनापती हेच चौधरी होते. बिदरची आणि आपली गाठ अशीही आहे.

मेळावा हुकला. गाडी ट्रकवर घालून परत आणली, मागचे दोन्ही हब आणि चाके इंग्लंडहून मागवावी लागली. आता दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास मित्राच्या बाल्कांवखाली वर्तमानपत्रे पसरलेली असतात आणि रॉकेलचा वास सुटलेला असतो. चारही चाके उतरतात. डिकीतल्या स्टेपनीच्या दात्यांना मात्र तो अजून ग्रीस लावत नाही. म्हणतो, ती कुठे चालते?