डार्विनमधले नऊ महिने

लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात एक जुना लॅपटॉप संगणक आहे. त्याला सिरिंज आणि नळी जोडलेली असे. पडद्यावर एकामागून एक तीन प्रश्न येत. तिसऱ्याला 'होय' म्हटले, की 15 सेकंदांनी प्राणघातक औषध रुग्णाच्या शिरेत जाऊ लागे. फिलिप निट्श्के या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हे यंत्र बनवले. शेवटची कळ डॉक्टरने नव्हे, रुग्णाने स्वतः दाबावी, हा त्यामागचा हेतू.

ते वापरता आले एका कायद्यामुळे. ऑस्ट्रेलियातील नॉर्दर्न टेरिटरीच्या विधिमंडळाने 25 मे 1995 रोजी तो संमत केला. 1 जुलै 1996 पासून तो लागू झाला. असाध्य रोगाच्या अखेरीस असलेल्या रुग्णाला, त्याच्याच मागणीवरून, मरण देण्याची मुभा डॉक्टरला उघडपणे देणारा हा पहिलाच कायदा. डार्विन ही या प्रदेशाची राजधानी.

कायदा करणाऱ्यांना धोके ठाऊक होते : घरच्यांचा दबाव, निदानातली चूक, तात्पुरती निराशा. म्हणून त्यांनी अटी घातल्या. रुग्ण 18 वर्षांवरचा हवा. दुसऱ्या डॉक्टरने रोगाची खात्री करावी. उपचाराने बरे होणारे नैराश्य तर नाही ना, हे मानसोपचारतज्ज्ञाने तपासावे. मागणीनंतर 7 दिवस थांबावे आणि सही झाल्यावर आणखी 48 तास.

कागदावर यात काही उणे दिसत नाही. प्रत्यक्षात काय घडले?

चौघांनी या कायद्याखाली मरण पत्करले. कायद्याचा आधार मागणाऱ्या सात रुग्णांची हकीकत 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकांत निट्श्केही होते. सातांपैकी चौघांत नैराश्याची लक्षणे होती. रोग खरोखर अखेरच्या टप्प्यात आहे का, यावर डॉक्टरांचे नेहमीच एकमत नव्हते. रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञाची भेट म्हणजे ओलांडायचा एक अडथळा वाटे. अशा भेटीत कोण मन मोकळे करील? ज्या अटीवर सारी भिस्त, तीच परीक्षेसारखी झाली होती.

मार्च 1997 मध्ये संघीय संसदेने हा कायदा निष्प्रभ केला. प्रदेशांना असा कायदा करण्याचा अधिकार परत मिळाला तो डिसेंबर 2022 मध्ये.

आपल्याकडचा अनुभव उलट टोकाचा आहे. निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्यास आणि तशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली. औषध देऊन मृत्यू घडवणे त्यात बसत नाही. पण त्या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. सामान्य माणसाला ती मिळवणे इतके अवघड, की हक्क कागदावरच राहिला. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच ही अट सैल केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरेशी ठरली.

वर्गात हा विषय निघाला, तर 'दयामरण असावे की नसावे' एवढ्यावर वाद थांबवू नये. एकेक अट फळ्यावर लिहावी आणि विचारावे : ही कोणाचे रक्षण करते, आणि ती पाळली गेली हे कशावरून कळेल? संगणकाला 'होय' एवढेच कळत होते. ते का म्हटले, हे माणसालाच विचारावे लागते, आणि त्याला 7 दिवस पुरतीलच असे नाही.