चेलो आणि दहा सोबती

चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजानें वाजवावयाचें धीरगंभीर आवाजाचें तंतुवाद्य. जर्मन रचनाकार पाउल हिंडेमिथ यांनीं १९२५ सालीं आपले धाकटे बंधु रुडोल्फ यांच्या चेलोकरितां ‘कामरमुझीक क्रमांक ३’ रचिलें. सोबतीस प्रचंड वाद्यवृंद नाहीं. अवघीं दहा वाद्यें. एकटा हुशार विद्यार्थी बोलतो व बाकीचे मुकाट ऐकतात, असा हा वर्ग नव्हे. चेलो बोलतो, इतर उत्तर देतात, प्रसंगीं अडवितातहि. १९३६ सालीं नाझी सरकारनें हिंडेमिथांच्या संगीताच्या जाहीर वादनास बंदी केली. १९४५ सालीं ती राजवट गेली, कृति राहिली. प्रथम ऐकतांना ती रुक्ष वाटेल. दुसऱ्यांदा केवळ चेलोचा माग धरावा. तिसऱ्यांदा दहाहि सोबती ओळखूं येतील.