सोने धुण्याचा व्यवसाय, महाराष्ट्रातील

नदीच्या वाळूतून किंवा सोनारांच्या केरातून सोन्याचे सूक्ष्म कण धुऊन वेचण्याचा पारंपरिक लघुउद्योग. महाराष्ट्रात त्याचे दोन प्रकार होण्याचे कारण भूवैज्ञानिक आहे. पूर्णा (परभणी जिल्हा) परिसरातील नद्या दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टातून वाहतात. त्यांच्या वाळूत वेचण्याजोगे सोने नसते. अशा मुलखात झारेकरी सोनारांच्या दुकानांतील केर व राख विकत घेऊन धूत. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र अतिप्राचीन रूपांतरित खडक असून त्यांतील क्वॉर्ट्‌झच्या शिरा झिजून सुटलेले सुवर्णकण पुराबरोबर वाहून येतात. ते वेचणाऱ्या सोनझारी जमातीची नोंद रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) आढळते. तीत बालाघाट, मंडला यांबरोबर चांदा (सध्याचे चंद्रपूर) जिल्ह्याचाही उल्लेख आहे.

वाळू लाकडी परातीत घेऊन पाण्यात हिंदकळतात. सोन्याची घनता सु. १९.३ आणि क्वॉर्ट्‌झची सु. २.६५ असल्याने हलकी वाळू वाहून जाते व तळाशी काळी रेती आणि सुवर्णकण उरतात. येथवर नदीला अपाय होत नाही. पुढचा पावसाळा नवी वाळू आणतो. धरणांनी गाळ अडला किंवा बांधकामासाठी वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर मात्र हे चक्र तुटते.

खरा धोका शेवटच्या पायरीत आहे. पारा मिसळला म्हणजे सोने त्यात सामावून पारदमेल बनतो. तो उघड्यावर तापविल्यास विषारी वाफ प्रथम तापविणाऱ्याच्याच फुप्फुसांत जाते. जगातील मानवनिर्मित पारा-उत्सर्गापैकी एक तृतीयांशाहून अधिक उत्सर्ग अशा लघुखाणकामातून होतो. मिनामाता करार (२०१३) या वापराला आळा घालू पाहतो. भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. बंद पात्रात ऊर्ध्वपातन केल्यास बराचसा पारा परत मिळतो. फिलिपीन्समधील बेंगेट प्रांतात तर पाऱ्याऐवजी टाकणखार घालून रेती वितळवितात. टाकणखार आपल्याकडेही प्रत्येक सोनाराच्या हाताशी असतो, तेव्हा अडचण साधनांची नाही.

अडचण हक्काची आहे. सोने गौण खनिजांत मोडत नाही. खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ अन्वये पट्ट्यावाचून ते काढता येत नाही. परवान्याच्या अभावी असे काम आडोशाला होते आणि आडोशाला पाऱ्यावर देखरेख ठेवणार कोण? २०१५ च्या दुरुस्तीने असे पट्टे सामान्यतः लिलावाने देण्याचे ठरले. एका परातीवर पोट भरणारे कुटुंब त्या लिलावात उतरू शकत नाही.