नदीचे मूळ आणि माशाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. माशाच्या कुळाविषयी ते काही बोलले नाहीत, आणि बोलण्याचे कारणही नव्हते. मासा घ्यायचा तो खाण्यासाठी, आणि खाणाऱ्याला कुळापेक्षा ताजेपणाची काळजी. कल्ला उचलून पाहिला, लालभडक दिसला, की सौदा झाला. परंतु जो मासा खायचा नाही, नुसता काचेआड ठेवून पाहायचा, त्याचा कल्ला कोण उचलणार? तेथे दुकानदार सांगेल ते प्रमाण मानायचे आणि पिशवी घरी आणायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती उरते.

आमच्या शाळेत विज्ञानाच्या वर्गाबाहेर काचेची एक पेटी आहे. तिच्यासाठी मासे आणायला मी जिल्ह्याच्या गावी गेलो, तेव्हा सातवीतला एक मुलगा बरोबर होता. दुकानातल्या एका पेटीत बोटभर लांबीचे, तोंडाला मिशा असलेले मासे तळाशी हुंदडत होते. पिवळसर अंगावर काळ्या बारीक पट्ट्यांची अशी दाट नक्षी, की इरकली लुगड्याचा काठ आठवावा. "हे कुठले हो?" मुलाने विचारले. "इंपोर्टेड आहेत, बाळ. सिंगापूरचे," दुकानदार म्हणाला, आणि त्या एका शब्दाने त्यांची किंमत आम्हाला पटली. आम्ही चार मासे घेतले.

दोन दिवसांनी त्या मुलाचे आजोबा शाळेत आले. सारा जन्म कृष्णेत जाळे टाकण्यात गेलेला माणूस. ते पेटीपुढे वाकले आणि हसूच लागले. "मास्तर, ह्यो कुठला शिंगापूरचा? ह्यो आपल्या नदीचा. डोळ्याखाली काटा असतोय बघा त्याच्या. जाळ्यात गुततोय, आन् सोडवताना बोटात घुसतोय."

मी पुस्तके चाळली. आजोबा खरे बोलत होते. त्या माशाचे शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा. नारायण राव या शास्त्रज्ञांनी १९२० साली त्याची शास्त्रात प्रथम नोंद केली. त्याचे घर म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातल्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या नद्या. ज्या पाण्यावर आमचे गाव वाढले, त्याच पाण्यातला जीव आम्ही परदेशी म्हणून विकत आणला होता! मुलगा म्हणाला, "सर, मग ते खोटं का बोलले?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच उशिरा झालेला प्रयत्न होय.

या गोष्टीचा आरंभ शोधू गेल्यास आपण १८५३ सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे काचघर लोकांसाठी उघडले. या नव्या हौशीचा मुख्य प्रवर्तक फिलिप हेन्री गॉस. मोठा निरीक्षक, भाविक आणि हाडाचा लेखक. डेव्हनच्या किनाऱ्यावर खडकांच्या कुंडांत कोणकोणते जीव राहतात, हे त्याने पुस्तकांतून रसाळपणे सांगितले. १८५४ साली मत्स्यालयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने काही लपवले नाही. स्थळे सांगितली, जीव कसे काढावे तेही सांगितले. परिणाम काय झाला? वाचकांच्या झुंडी टोपल्या आणि छिन्न्या घेऊन त्याच किनाऱ्यांवर उतरल्या, आणि थोड्याच वर्षांत ती कुंडे ओसाड झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्या सौंदर्याचा नाश आपल्याच पुस्तकांनी ओढवला, या जाणिवेने वडिलांना किती दुःख झाले, हे त्याने त्यात नोंदवून ठेवले आहे.

ज्यांना किनारा गाठता येत नव्हता, त्यांची सोय व्यापाऱ्यांनी केली. विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने लंडनमध्ये खास या मालाचे दुकान थाटले आणि १८५८ साली मालाची सचित्र यादी छापली. सागरी जीव तर तेथे मिळतच, पण समुद्राचे पाणीसुद्धा विकत मिळे. येथून पकडणारा एक, विकणारा दुसरा आणि पाळणारा तिसरा, अशी वाटणी पडली. पाळणाऱ्याने किनारा पाहिलेला नाही आणि पकडणाऱ्याला पाळणाऱ्याचे तोंड ठाऊक नाही. दोघांच्या मध्ये उभा असलेल्या दुकानदाराचा शब्द हाच काय तो पूल.

गॉसने सारे सांगितले आणि किनारा लुटला गेला. म्हणून मूळ गुप्त ठेवणेच बरे, असे कोणी म्हणेल. त्याने दुसरी कथा ऐकावी. ऑगस्त राबो या फ्रेंच गृहस्थाला १९३४ च्या सुमारास ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या जंगलात एक इवलासा मासा सापडला. अंगावर निळी रेघ अशी, की अंधारात दिवा लागावा. हाच तो पुढे घरोघर गेलेला निऑन टेट्रा. युरोपात त्याने हौशी मंडळींना वेड लावले. १९३६ साली 'हिंडेनबुर्ग' या प्रसिद्ध विमाननौकेतून काही निऑन मासे अमेरिकेस गेले, आणि त्याच वर्षी मायर्स या शास्त्रज्ञाने, मत्स्यपालनाचे मासिक चालवणाऱ्या विल्यम इन्स यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. ज्या माशासाठी श्रीमंत माणसे वाट पाहत बसतात, तो कोठल्या ओढ्यात मिळतो हे ज्ञान म्हणजे रोख रक्कम. ती कोण चव्हाट्यावर मांडील? मूळ सांगायचे नाही, हा या धंद्याचा रिवाज असा पैशातून जन्मला. नीतिअनीतीचा विचार त्यात फारसा नव्हता.

पुढे आणखी एक गंमत झाली. निऑनची पैदास माणसाच्या हातून होऊ लागली, आणि आज बाजारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक निऑन आग्नेय आशियातल्या किंवा युरोपातल्या टाक्यांत जन्मलेला असतो. मासा तोच, रेघ तीच, नावही तेच. फक्त जन्मस्थान जंगलातून टाकीत आले. काचेबाहेरून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक सांगता यायचा नाही. म्हणजे मूळ हे माशाच्या अंगावर लिहिलेले नसते. ते कोणीतरी सांगावे लागते.

आपल्याकडे ही हौस बरीच उशिरा रुजली. १९५१ साली मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि पुढे कित्येक पिढ्यांतील मुलांनी रंगीत मासा प्रथम पाहिला तो तेथे. दुकाने वाढली. कलकत्त्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईचे कोळत्तूर, मुंबईचे कुर्ला ही नावे हौशी लोकांच्या तोंडी झाली. माल कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. नदीवरचा माणूस मासे पकडतो आणि गावच्या मुकादमाला देतो. मुकादम चार गावांचा माल एका हौदात सोडतो. तेथून तो शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडे जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर प्राणवायू, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात आणि खोके रेल्वेत किंवा विमानात. ठोक व्यापाऱ्याच्या टाकीत हा मासा टाकीत जन्मलेल्या माशांच्या शेजारी जाऊन बसतो. पिशवी कापून मासा त्या टाकीत सोडला, की त्याच क्षणी त्याचे मूळ पुसले जाते. गव्हाच्या पोत्यावर निदान बाजारपेठेचा शिक्का असतो. येथे तोही नाही. किरकोळ दुकानदाराला जेव्हा आपण "हा कुठला?" असे विचारतो, तेव्हा तो फार तर खोके कोठून आले एवढेच सांगू शकतो. आमच्या दुकानदाराचे खोके कदाचित खरेच परदेशच्या मालाबरोबर आले असेल. तो खोटे बोलला, की त्याला ठाऊकच नव्हते? मला वाटते, ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही म्हणण्यापेक्षा 'इंपोर्टेड' म्हणणे अधिक फायद्याचे होते.

हे अज्ञान निरुपद्रवी असते तर मी कागद काळे केले नसते. फिलिपीन्सच्या प्रवाळबेटांवर १९६० नंतरच्या दशकात एक युक्ती निघाली. सोडियम सायनाइडच्या वड्या बाटलीत विरघळवायच्या आणि ते पाणी प्रवाळाच्या कपारीत पिचकारीसारखे मारायचे. मासा गुंगतो आणि हाताने उचलता येतो. कित्येक जागीच मरतात, प्रवाळही मरते. जे जगतात ते दुकानात चांगले टवटवीत दिसतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी मरतात. मग ते गिऱ्हाईक पाणी तपासते, स्वतःच्या हाताला दोष देते आणि पुन्हा त्याच दुकानात दुसरा मासा आणायला जाते. ज्याने विश्वास ठेवला त्यालाच अपराधी वाटावे, असा हा विश्वासघात!

यावर उपाय म्हणून १९९८ साली मरीन ॲक्वेरियम कौन्सिल ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पकडणाऱ्यापासून किरकोळ दुकानदारापर्यंत साखळीतल्या प्रत्येकाची तपासणी करायची आणि माशाला प्रमाणपत्र द्यायचे, अशी योजना. योजना उत्तम होती. पण साखळीची एक कडी बिनतपासणीची राहिली तरी प्रमाणपत्र तुटे. प्रमाणित मासे बाजारात फारच थोडे आले, त्यांच्यासाठी चार पैसे जास्त मोजायला गिऱ्हाईक पुढे येईना, आणि दहाएक वर्षांत ते काम थंडावले. दोष दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते; येथे मात्र गिऱ्हाइकाच्या गाठीची गाठही सुटली नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. फ्रान्सिस डे या डॉक्टराने १८६५ साली केरळच्या डोंगरी नद्यांतल्या एका देखण्या माशाची नोंद केली आणि मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले. रुपेरी अंग, डोक्याकडून निघालेली तांबडी रेघ, खाली काळा पट्टा. शंभराहून अधिक वर्षे तो आपल्या ओढ्यांत सुखाने नांदला. १९९७ साली सिंगापूरच्या ॲक्वारामा प्रदर्शनात त्याला नव्या जातींमध्ये तिसरे पारितोषिक मिळाले, आणि 'मिस केरळ' या नावाने त्याचे ग्रहमान फिरले. मागणी वाढली, ओढे उपसले गेले. केरळ सरकारने २००८ साली त्याच्या पकडीवर निर्बंध घातले. बंदीचे महिने ठरले जून, जुलै आणि ऑक्टोबर. नंतरच्या अभ्यासात दिसले, की त्याचा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम त्यानंतर हिवाळ्यात येतो! ज्या माशाचे कूळ कोणी नीट विचारलेच नव्हते, त्याचे संरक्षण करायला निघाल्यावर असेच व्हायचे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती कल्पिली आणि तिला 'सह्याद्रिया' हे नाव दिले. त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजदाद मांडली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून अस्तित्व धोक्यात आलेल्या ३० जातींचे निदान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा तिघांचा: ही मिस केरळ व तिची सख्खी बहीण मिळून एक, केरळचा बुटका फुगा मासा दुसरा, आणि तिसरा आमच्या शाळेच्या पेटीतला, कृष्णाकाठचा पट्टेवाला बोटिया. हे कुळ काचेच्या पेटीत सहजासहजी वीत नाही. म्हणजे आमचे ते चार जीव कोणीतरी नदीतूनच उचलले होते, असे धरून चालणे भाग आहे.

मग जंगलातला मासा पकडूच नये काय? असे सरसकट म्हणता येत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचे गाव आहे. तेथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा पकडून जगली. पूर ओसरला की उथळ पाण्यात अडकून असंख्य मासे तसेही मरतात. शिवाय माशावर पोट भरणारा माणूस जंगल तोडायला उठत नाही. 'मासा घ्या, झाड वाचवा' असे तेथल्या चळवळीने सांगितले. परंतु आग्नेय आशियातल्या टाक्यांतला कार्डिनल बाजारात आला आणि बार्सेलोसचा धंदा बसू लागला. तेथे जंगली हे मूळ लपवण्याचे नसून अभिमानाने सांगण्याचे आहे, आणि ते न सांगितल्याने त्या कोळ्याचे नुकसान होते.

या साऱ्या कथांतून मला एक गोष्ट उमगली. मूळ सांगणे म्हणजे पत्ता सांगणे नव्हे. पत्ता सांगितला की काय होते, ते गॉसच्या किनाऱ्याने दाखवले. मूळ सांगणे म्हणजे हिशेब देणे: हा टाकीत जन्मला की नदीत, हाताने धरला की विषाने, आणि तो धरल्यावर मागे किती उरले. एवढा हिशेब जो देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. आणि ज्याला तो देता येत नाही, पण जो 'मला ठाऊक नाही' असे स्पष्ट म्हणतो, त्याच्यावर थोडा अधिकच ठेवावा.

पेटीतले मासे परत नदीत सोडू या, असा त्या मुलाने हट्ट धरला होता. मी नको म्हटले. दुकानांच्या टाक्यांत शंभर ठिकाणचे पाणी एकत्र येते; त्यातला रोग चार माशांबरोबर साऱ्या नदीला लागायचा. तो हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी पेटीवर त्याने एक चिठ्ठी चिकटवली. माशाचे नाव लिहून खाली लिहिले: 'गाव – कृष्णा नदी. कोणी धरला, ठाऊक नाही.'

पुढे त्या दुकानी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी दुकानदाराला ही हकीकत सांगितली. तो रागावला नाही. पेटीकडे पाहत तो म्हणाला, "सर, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही."