धर्म, वृत्तपत्र आणि लोकराज्य

घटना लिहून झाली म्हणजे लोकराज्य टिकते, असे नाही. त्याला माणसांच्या मनाचा आधार लागतो. तो आधार धर्म आणि वृत्तपत्र ही दोन्ही देऊ शकतात, आणि काढूनही घेऊ शकतात. याची साक्ष काढण्यास वाटूरहून दूर जावे लागत नाही.

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आपल्या तालुक्याच्या गावी, परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. अंमल निजामाचा होता आणि राजकीय सभेला सरकारची आगाऊ परवानगी लागे. परंतु एकत्र बसून ऐकण्याची सवय कीर्तनाने आणि सप्ताहाने राखली होती. समर्थांचे जांब आणि नाथांचे पैठण ज्या मुलखात आहे, तेथे राजाच्याही वर कोणी न्याय पाहणारा आहे, ही श्रद्धा निरक्षराच्याही ठायी होती. पुढे या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे आले. ते संन्यासी होते. पण त्यांनी मागितली ती जबाबदार राज्यपद्धती, आणि तीही सर्व प्रजेसाठी.

सभेतला शब्द दुसऱ्या गावी पोचवायचा तर पत्र हवे. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे.

सत्तेविरुद्ध लिहिण्यास धैर्य लागतेच. आपल्याच समाजातील बलवानांविरुद्ध लिहिणे त्याहून कठीण. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते केले. रझाकार धर्माच्या नावाने दहशत घालीत असता त्यांनी त्यांचा निषेध केला आणि संस्थान भारतात सामील व्हावे, असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचा लिहिणारा हातही तोडण्यात आला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण अभिमानाने साजरा करतो. परंतु त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. तेव्हाच्या उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागली. त्याच समितीने हेही नोंदविले की, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविले, काहींनी तर शेजाऱ्यांसाठी प्राण दिले. हा अहवाल सहा दशकांहून अधिक काळ सरकारी दप्तरात पडून राहिला. लोकांपुढे न आलेल्या गोष्टीचा लोकांनी विचार तरी कसा करावा?

सूड घेणारे आणि शेजाऱ्याला वाचविणारे, दोघेही एकाच धर्माचे होते. रझाकार आणि शोएबुल्ला यांचाही धर्म एकच होता. तेव्हा लोकराज्याला आधार होतो तो आपल्या माणसालाही ‘हे अधर्म्य आहे’ असे सांगणारा धर्म, आणि ते छापण्याची हिंमत असलेले पत्र. आज बातमी हातातल्या फोनवर क्षणात येते. ती शेजाऱ्याविषयी द्वेष उत्पन्न करणारी असेल, तर पुढे धाडण्यापूर्वी ती खरी आहे का, हे आधी त्या शेजाऱ्यालाच जाऊन विचारावे. एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.