शेतात राबतो, तरी बीपी का वाढतो? रोजच्या चालण्याने किती फरक पडतो ते जाणून घ्या

"दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाला पाहिजे व्यायाम?" गावात बीपीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. मीही हेच म्हणायचो. मागच्या वर्षी उपकेंद्रात सहज बीपी मोजला, तर निघाला 152/96. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. बहुतेकांचा बीपी असाच गुपचूप वाढतो. म्हणून ही माहिती.

बीपी म्हणजे काय?
मोटर आणि पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या हे पाइप. पाइप कडक झाले की मोटरवर लोड येतो. साधारण 120/80 च्या आत बीपी असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा जास्त येत असेल, तर तो वाढलेला समजतात. दुर्लक्ष केले तर लकवा, हार्ट अटॅक, किडनी खराब होणे असे धोके असतात.

व्यायामाने काय होते?
भरभर चालताना रक्त जोराने वाहते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. चालून आल्यावर पुढचे काही तास बीपी थोडा उतरलेला राहतो. रोज असे घडत गेले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि त्याची धावपळ कमी होते. बीपी वाढलेल्या माणसाने नियमित व्यायाम केला, तर दोन-तीन महिन्यांत वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरू शकतो. मात्र चालणे सोडले की काही आठवड्यांत बीपी पुन्हा पहिल्या जागी येतो. म्हणून 'नियमित' हाच शब्द महत्त्वाचा.

मग शेतीकामाचे काय?
शेतीकाम वाया जात नाही, पण ते सलग नसते. पेरणी-सोंगणीला जीव निघतो आणि मधले कित्येक दिवस पारावर जातात. नांगरणी ट्रॅक्टरने, शेतात जाणे मोटरसायकलने. शिवाय श्वास रोखून पोते उचलले की बीपी त्या क्षणी एकदम वर जातो. अंग थकले म्हणजे व्यायाम झाला, असे नाही.

किती आणि कसा करावा?
- आठवड्यातून किमान 5 दिवस, रोज 30 मिनिटे भरभर चाला. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा.
- सलग वेळ नसेल तर 10-10 मिनिटे तीनदा चालले तरी चालते. शेत जवळ असेल तर गाडी घरी ठेवा.
- सायकल चालवणेही तितकेच उपयोगी.
- सुरुवात 10 मिनिटांपासून करा, हळूहळू वाढवा. भर उन्हात चालू नका.
- बायाबापड्यांनी 'घरकामात झाला व्यायाम' असे समजू नये. शेजारणीला सोबत घेऊन निघावे.

हे विसरू नका
चालायला लागल्यावर बीपी उतरला म्हणून काही जण गोळी परस्पर बंद करतात. ही सर्वात मोठी चूक आहे. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. बीपी 180/110 च्या वर असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मगच व्यायाम सुरू करा. चालताना छातीत दुखले, दम लागून बोलता येईना, तर लगेच थांबा. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

मीठही आवरा. माणशी दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी. त्यात पापड-लोणचेही आले. तंबाखू सोडलेली बरी.

मोजायचा कुठे?
30 वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि 5 मिनिटे शांत बसा. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा.

माझा बीपी गोळी आणि चालणे मिळून आता 130 च्या आसपास असतो. गोळी सुरूच आहे, चालणेही सुरूच आहे.